रागावलेला चावा

परदेशात येऊन दहा आठवडे झाले तेव्हा कवळीवाल्याला मनाशी कबूल करावे लागले, की आपल्याला घरची आठवण येते आहे, आणि ती आठवण अगदीच लाजिरवाणी आहे. दूरदेशी गेलेल्या माणसाने आईच्या हातची चव आठवावी, अंगणातले झाड आठवावे, फार तर एखादे जुने प्रेम उकरून काढावे. अशा आठवणींना प्रतिष्ठा असते, ऐकणारे सुस्कारेही सोडतात. कवळीवाल्याला आठवत होत्या शिव्या.

घरी त्याचे दुकान म्हणजे एका जिन्याखालची आठ बाय सहाची पोकळी. आत एक बाक, एक आरसा आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, जणू गावातल्या सगळ्या गप्पा कुणी एकाच क्षणी गोठवून ठेवल्या होत्या. सकाळी शटर वर जाण्याआधीच पायरीवर कुणीतरी रुमालात आपले दात गुंडाळून वाट पाहत असे. आणि ते कुणीतरी कधीही नमस्काराने सुरुवात करत नसे.

"हे दात आहेत का घोड्याची नाल?"

"पुतणीच्या लग्नाला जायचंय मला. हसलो की वरची ओळ समोरच्याच्या ताटात. माझ्याऐवजी तू येतोस का हसायला?"

एका शिंपीणबाईंनी तर खालची कवळी त्याच्या अंगावर भिरकावली होती, आणि ती जाता जाता त्याच्या मनगटाला खरोखरच चावली होती. परक्या खोलीतल्या पांढऱ्या, निर्जंतुक उजेडात तो त्या व्रणाकडे आता एखाद्या प्रेमपत्राकडे पाहावे तसा पाहत असे.

त्या शिव्या वाया जात नसत. सगळा धंदाच त्यांच्यावर उभा होता. त्याला ही विद्या काकांनी शिकवली होती, आणि काकांचा सिद्धान्त असा होता की खुर्चीत बसलेला माणूस खरे चावत नाही. "तो पाहुण्यासारखा चावतो," काका म्हणत. "कडेकडेनं, जपून, यजमानाचं ताट मोडू नये म्हणून. त्या चाव्यावर कवळी बसवलीस तर महिन्याभरात ती पेल्यात जाऊन बसेल. माणूस खरा चावतो तो रागावल्यावर." म्हणून काका प्रत्येक कवळीची खालची, डावीकडची, शेवटची दाढ केसभर उंच ठेवत. मुद्दाम. गिऱ्हाईक हसतमुखाने घरी जाई, रात्री पहिल्या घासाला कळवळे आणि दुसऱ्या दिवशी आकाशपाताळ एक करत दुकानात येई. काका त्याला अडवत नसत. शांतपणे स्टुलावर बसून ते त्या संतापाला पिकू देत, आणि शिवी अगदी ऐन भरात आली, की तोंडात निळ्या कागदाची पट्टी सरकवून ओरडत, "चाव!" कर्रकन जबडा मिटे. दाढेवर जो निळा डाग उमटे, तेवढाच घासायचा. त्यानंतर ती कवळी पंधरा वर्षे हलत नसे, आणि शिव्या देणारा माणूस जन्मभराचा मित्र होई.

इथे सगळे निराळे होते. दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा. पुढच्या दालनात खुर्ची, फुलदाणी आणि कुजबुज. मागच्या दालनात कवळीवाल्याची कार्यशाळा. मधल्या भिंतीत हातभर खिडकी होती. तिच्यातून तोंडाचा ठसा एका तबकात आत येई, आणि तयार कवळी त्याच तबकातून बाहेर जाई. कुणाचे तोंड, ते हसते कसे, पानाने रंगलेले की सिगारेटने काळवंडलेले, काही कळत नसे. तबकावर क्रमांक असे. आठवड्याने एक कागद परत येई, त्यावर शेऱ्याचा रकाना असे आणि रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द असे : समाधानकारक.

कवळीवाल्याने इथेही डावी दाढ उंच ठेवली होती. ठरवून नव्हे, पण नकळतही नव्हे; हात आधी करून मोकळे होत आणि डोके मागून येई. पहिल्या कवळीनंतर तो आठवडाभर खिडकीला कान लावून बसला. कुणी आले नाही. दुसरीनंतरही नाही. अकरा कवळ्या गेल्या, अकरा वेळा समाधान परतले. सुरुवातीला त्याला वाटले, बाई पुढे बसून दाढ घासत असतील. मग वाटले, इथले जबडेच उच्च प्रतीचे असतील. शेवटी, आणि हे त्याला सर्वात सोपे गेले, तो मानू लागला की आपण आता काकांच्याही पलीकडे पोचलो आहोत.

"अकरापैकी अकरा," एका सोमवारी डॉक्टरीणबाई खिडकीतून वाकून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमी वाचनालयात असल्यासारखा असे. "एकही तक्रार नाही. माझ्याकडे असं पूर्वी कधी झालेलं नाही. पुढच्या शुक्रवारी तुमची उमेदवारी संपते. कायम नोकरीचं पत्र मी तयार करून ठेवते."

त्या पत्रावर सगळे अडले होते. पत्र मिळाले की बायको आणि सात वर्षांची लेक इकडे येऊ शकणार होत्या. पत्राशिवाय त्यांचे अर्जदेखील कुणी हातात घेत नव्हते. बायको थांबणाऱ्यांतली नव्हतीच. तिने लेकीच्या शाळेतून दाखला मागितला होता, कपाट विकले होते, आणि शेजारणींचे निरोप घेण्याची पहिली फेरी उरकून दुसरीला सुरुवात केली होती.

त्याच्याबरोबर खोलीत एक बसड्रायव्हर राहत असे, त्याच्याच मुलखातला. त्यालाही घरची आठवण येई, आणि तीही तितकीच अप्रतिष्ठित होती. त्याला हॉर्नची आठवण येई.

"तीन वर्षं झाली, एकदाही दाबलेला नाही," तो भांडी घासता घासता म्हणे. "अंगठ्याला गंज चढला. आणि प्रवासी तर, अरे कवळीवाल्या, काय सांगू तुला! उतरताना आभार मानतात. परवा मी ब्रेक असा हाणला की एक गृहस्थ खांबावर आपटला. कपाळाला टेंगूळ. आणि मलाच म्हणतो, माफ करा. अरे, माझ्या आईची आठवण काढ, कंडक्टरची काढ, सरकारची काढ! माणूस आहेस का उशी?"

"तू उत्तर काय दिलंस?"

"काय देणार? म्हटलं, पुन्हा या."

रविवारी दुपारी दोघांना वरच्या मजल्यावर चहाचे बोलावणे होते. तिथे एक निवृत्त ग्रंथपालबाई एकट्याच राहत. लिफ्ट बंद होती त्या दिवशी ड्रायव्हरने त्यांची पुस्तकांची पेटी चार जिने वर चढवली होती, त्याचे हे आभार. खोली नीटनेटकी, पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली, घड्याळदेखील जपून टिकटिकणारे. बाईंनी केक कापला, बदाम-अक्रोडाची वाटी पुढे सरकवली, आणि "एक मिनिट हं" म्हणून आत गेल्या. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा खालून कुणी दोरी ओढावी तसा आत गेला होता. त्यांनी केकचा तुकडा चहात बुडवला, तो पूर्ण विरघळेपर्यंत थांबल्या आणि मग चमच्याने प्यायल्या.

कवळीवाल्याने हे पाहिले आणि धंद्याच्या माणसासारखे दुर्लक्ष केले. पण हात धुवायला तो आत गेला, तर बेसिनपाशी काचेच्या पेल्यात, पाण्याखाली, एक हसू ठेवलेले होते.

ते त्याने लगेच ओळखले. वरच्या ओळीतला दुसरा दात किंचित कलता. "सगळे दात शिपायांसारखे उभे केलेस तर लोकांना कळतं की विकत घेतलेत," हे काकांचे वाक्य त्या दातात उभे होते, नव्हे, कलले होते. त्याने पेल्यात हात घालून खालची कवळी उचलली आणि अंगठा डावीकडच्या शेवटच्या दाढेवरून फिरवला. केसभर उंच. कुणीही, कधीही, घासलेली नाही.

तो कवळी पुन्हा पाण्यात सोडून बाहेर आला.

"बाई, तुम्ही नवे दात केलेत का?"

बाईंनी तोंडावर हात धरला. "दिसले का? माफ करा, झाकायचं राहिलं. हो, सहा आठवडे झाले. अतिशय सुंदर आहेत. फोटोत तर फारच."

"आणि खाताना?"

"खाताना मी त्यांना त्रास देत नाही."

ड्रायव्हरला अक्रोडाचा ठसका लागला. कवळीवाला पुढे झुकला. "लागतात का कुठे?"

"छे, तसं काही नाही. थोडंसं. डॉक्टरांनी इतक्या आपुलकीनं केलं, त्यांना वाईट वाटेल. आणि या वयात दोष दातांचा कशाला असेल? माझाच असणार." त्यांनी मनगटावरचे घड्याळ वर सरकवले, ते लगेच घसरून खाली आले. पट्ट्याला कात्रीने पाडलेले एक नवे भोक होते. "सूप मला आवडतं," त्या म्हणाल्या. "खरंच."

कवळीवाल्याने तिथेच सांगायला हवे होते. त्याने केक सुरेख झाल्याचे सांगितले.

जिना उतरताना त्याच्या डोळ्यांसमोर अकरा पेले उभे राहिले, अकरा बेसिनांशेजारी, अकरा घरांत. आणि प्रत्येकात पाण्याखाली गप्प बसलेले एक एक तोंड. इतका सभ्य हाहाकार त्याने आयुष्यात कधी कल्पिला नव्हता.

खोलीत आल्यावर ड्रायव्हरने दार लावले. "तुझेच ना ते?"

"माझेच."

"मग शुक्रवारपर्यंत तोंडाला कुलूप. पत्र खिशात पडू दे. शनिवारी जा, गुपचूप दाढ घासून ये, म्हातारी खूश, तू खूश."

"गुपचूप घासता येत नाही रे. खरा चावा मिळाल्याशिवाय कुठे घासायचं कळत नाही. आणि इतर दहा जण मला माहीतही नाहीत. पत्ते बाईंकडे."

"अरे, मग महिन्याभरानं सांग. सहा आठवडे सूप प्यायलं, त्यात चार आठवड्यांनी काय मोठं बिघडतं?"

ड्रायव्हर वाईट माणूस नव्हता. स्वतःचेच बोलणे ऐकून तो ओशाळला आणि कारण नसताना धुतलेली कढई पुन्हा घासू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला निघण्यापूर्वी, कवळीवाल्याने बायकोला फोन लावला. तिकडे दुपार होती. त्याने सगळे सांगितले, आणि मग कान थोडा दूर धरला.

"अहो, तुम्हाला काही अक्कल? सातासमुद्रापार गेलात तरी काकांचं शेपूट सुटत नाही! दाढ उंच ठेवतात म्हणे. तिथे कोण येणार होतं भांडायला, तुमचे मामा? मी इथे कपाट विकून बसले, पोरीचा दाखला हातात आहे, आणि तुम्ही दाढा उंच ठेवत बसलात!"

त्याला क्षणभर फार बरे वाटले. फोनवरच्या शिव्यांना समोरच्या शिव्यांचा ओलावा नसतो, पण उपाशी माणूस ताटाची नक्षी पाहत नाही.

"मग काय करू? शुक्रवारपर्यंत गप्प बसू?"

"बसा की! पाच दिवसांनी कुणाचा जीव जातोय?" ती थांबली. "खाते काय ती बाई?"

"सूप."

"नुसतं सूप? आणि बाकीचे?"

"तेच करत असतील. नाहीतर अकरातला एक तरी भांडायला आला असता."

तिकडे एक भांडे आपटले. मागे लेक कुठलीतरी कविता चुकीची म्हणत होती.

"मी गप्प बसाच म्हणणार होते," बायको शेवटी म्हणाली. "तुम्ही सूप कशाला सांगितलंत मला?" आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी पहिल्यांदाच तो खिडकीतून न बोलता दार उघडून पुढच्या दालनात गेला. डॉक्टरीणबाई खुर्ची पुसत होत्या. त्याने उभ्यानेच सांगितले : दाढ, काका, राग, निळा कागद, पेला. परक्या भाषेत त्याला आडवळणे येत नव्हती, म्हणून सगळे एकदम सरळ आणि उघडेनागडे बाहेर पडले.

बाईंनी ऐकून घेतले. पुसायचे फडके चौकोनी घडी करून ठेवले. "कळवल्याबद्दल आभार," त्या म्हणाल्या.

तो थांबून राहिला. आता छत कोसळेल, आता कोसळेल. छत जागच्या जागी राहिले.

"तुम्ही रागावलात का?"

"मी विचार करते आहे."

"रागावा ना. बरं वाटेल."

"कुणाला?" बाईंनी विचारले. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत एक पांढरा लिफाफा होता. तो त्यांनी पाहिला, त्यालाही पाहू दिला आणि खण लावून घेतला. "मी प्रत्येकीला, प्रत्येकाला, कागद चावायला देते. माझ्या डोळ्यांसमोर. सगळ्यांचे डाग बरोबर आले होते."

"ते पाहुणे होते, बाई."

"तुमचं म्हणणं सिद्ध करा. ग्रंथपालबाईंना मी बुधवारी बोलावते. त्यांचे दात माझ्यासमोर बसवून दाखवा. जमलं तर उरलेल्या दहांचं पाहू. नाही जमलं, तर शुक्रवार तुमचा शेवटचा दिवस."

बुधवारी ग्रंथपालबाई सर्वात चांगला कोट घालून आल्या. खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि इतक्या लोकांना आपल्यामुळे त्रास होत असल्याबद्दल त्यांनी दोनदा क्षमा मागितली. कवळीवाल्याने निळी पट्टी पुढे केली. "चावा."

दुसऱ्याचे पुस्तक मिटावे तसे त्यांनी तोंड मिटले. दाढेवर डाग आला तो धुक्यासारखा. आहे म्हटले तर आहे, नाही म्हटले तर नाही.

"हाच डाग मलाही मिळाला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बाई, जरा राग आणा," कवळीवाला म्हणाला.

"कशाचा?"

"कशाचाही."

"मला सहसा येत नाही हो. चाळीस वर्षं दुसऱ्यांना हळू बोला सांगण्यात गेली, स्वतः मोठ्यानं बोलायचं राहूनच गेलं."

कवळीवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. आयुष्यभर ज्याच्या अंगावर संताप फुकट येऊन पडत होता, त्याच्यावर आज त्याचीच भीक मागायची वेळ आली होती. "मी पुस्तकांची पानं दुमडतो," तो म्हणाला.

"पुष्कळ लोक दुमडतात."

"थुंकी लावून उलटतो."

"वाचनाची आवड आहे, हे काय थोडं आहे?"

"ग्रंथालयातून एक पुस्तक नेलं होतं, बारा वर्षं झाली. परत केलं नाही. त्यावर चहाचं पातेलं ठेवतो. गरम."

बाईंनी डोळे मिटले. ओठ किंचित थरथरले. मग फार मोठी चढण चढून आल्यासारख्या त्या म्हणाल्या, "परत करायला उशीर असा कधी होत नाही." निळी पट्टी पुन्हा धुकेच घेऊन बाहेर आली.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिले. त्या एका नजरेत शुक्रवार होता, लिफाफा होता, आणि दुसऱ्या टोकाला कपाट नसलेली एक खोली होती. कवळीवाला स्टुलावर बसला. युक्त्या संपल्या होत्या. आता त्याच्याजवळ फक्त जे घडले तेवढेच उरले होते, आणि नेमके तेच तो अजून या बाईंना बोलला नव्हता.

"बाई, तुमचे दात डॉक्टरांनी नाही, मी केले. आणि ती दाढ चुकून उंच राहिलेली नाही. मी ती उंच ठेवली."

"म्हणजे?"

"मुद्दाम. तुम्हाला लागावं म्हणून. माझ्या काकांनी घालून दिलेली रीत आहे. माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येतो, मग ती घासायची. तुम्ही याल म्हणून मी वाट पाहिली. तुम्ही आला नाहीत, तर मला वाटलं, मी फार मोठा कारागीर झालो."

"मुद्दाम," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "सहा आठवडे."

"हो."

"सहा आठवडे मी सूप पिते आहे." आवाज अजून वाचनालयातलाच होता, पण वाचनालयाच्या पायऱ्यांवर आला होता. "माझ्या बहिणीनं वाढदिवसाला जेवायला बोलावलं, मी तिला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. पंचाहत्तर वर्षांची झाली ती! पुन्हा होणार आहे का? रोज आरशापुढे उभी राहून मी माझ्याच तोंडाला दोष देते. म्हटलं, संपलं आता. आधी दात गेले, मग हिरड्या, आता राहिलंय काय. मी मृत्युपत्र काढून वाचलं, कळतंय का तुम्हाला? आणि तुम्ही मुद्दाम? वाट पाहिली म्हणे! माझ्या तोंडात सापळा लावून वाट पाहत बसलात? निर्लज्ज! गाढव! हे माझं तोंड आहे, तुमच्या काकांच्या बापाची..."

"चावा!" कवळीवाला ओरडला आणि पट्टी आत सरकवली.

कर्रकन जबडा मिटला. त्यात त्याचे बोटही आले. त्याने ते सोडवून घेतले, त्यावर फुंकर घातली, आणि कवळी काढून दाढ उजेडात धरली. डाग आला होता. ठसठशीत, गोल, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा, आणि धुके होते त्याच्यापासून चांगला जोंधळाभर मागे.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. चष्मा वर करून त्यांनी डाग पाहिला, खाली करून पुन्हा पाहिला. मग दिवा त्याच्या हातावर वळवून धरला.

त्याने घासले. "आता कुठे लागतं?"

"मागे. डावीकडे. आतल्या बाजूनं," ग्रंथपालबाई फणकाऱ्याने म्हणाल्या. एकदा तोंड उघडल्यावर त्यांची तक्रार अशी नेमकी निघाली, की कपाट, फळी, क्रमांक सांगत आहेत असे वाटावे. त्याने पुन्हा घासले. "आता पुढच्या बाजूला. नाही, इतकं नाही, गाढवा, किंचित." चौथ्या वेळी त्यांनी जबडा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या डब्यातला पावाचा कडक काठ तोडून पुढे केला. ग्रंथपालबाईंनी तो खाल्ला. त्या गुळगुळीत, कुजबुजत्या दालनात चावण्याचा तो आवाज कुणीतरी खडीच्या रस्त्यावरून घरी परत येत असल्यासारखा वाटला.

"डब्यात आणखी काय आहे?" त्यांनी विचारले.

डबा संपवून आणि कवळीवाल्याला आणखी दोन विशेषणे देऊन त्या गेल्या. जाताना त्यांनी क्षमा मागितली नाही.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "मला तुमचा या क्षणी अतिशय राग आला आहे," औषधाची मात्रा सांगावी तशा त्या म्हणाल्या. "माझ्या खुर्चीतून अकरा माणसं उपाशी गेली आणि मी रकान्यात समाधानकारक लिहीत बसले. हा माझाही दोष आहे, त्यामुळे राग जास्त आहे. पत्र शुक्रवारी मिळणार नाही. आजपासून पुन्हा तीन महिने उमेदवारी. उरलेल्या दहा जणांना तुम्ही तुमच्या अक्षरात पत्रं लिहायची. मुद्दाम हा शब्द वगळायचा नाही."

"ते वाचून फार चिडतील, बाई."

"मी तीच अपेक्षा ठेवते आहे. ते येतील तेव्हा तुम्ही या बाजूला बसायचं, भिंतीच्या अलीकडे. आणि पुढची एकही दाढ उंच राहणार नाही."

"केसभरही नाही."

नोकरी राहिली होती, पण बायको-लेकीचे येणे तीन महिने लांबले होते. त्याने त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कार्यशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून बायकोला फोन केला. आधी चांगले सांगितले, मग तीन महिने सांगितले, आणि सवयीने कान दूर धरला.

काहीच आले नाही.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग बोल की."

"काय बोलायचं? तुम्ही बरोबर केलंत. तीन महिने काय, जातील असेच. तुम्ही काळजी करू नका."

त्याने फोन पुन्हा कानाला घट्ट लावला. अशा गोड, घडी घातलेल्या आवाजात ती त्याच्याशी लग्नाच्या बोलणीतसुद्धा बोलली नव्हती. हाच आवाज त्याने रविवारी ऐकला होता, तोंडावर धरलेल्या हाताच्या आडून, आणि तेव्हाही त्याला तो थोडा उशिराच कळला होता.

"अगं, इतकी सभ्य होऊ नकोस. भीती वाटते."

"मग काय करू? ओरडू? ओरडून तुम्ही उद्या येणार आहात?"

"नाही येणार. तरी सांग. कुठे लागतंय?"

"कुठे नाही."

"कुठे लागतंय, ते सांग."

तिने नाक ओढले. "संध्याकाळी सात वाजता मी दाराची कडी काढून ठेवते. रोज. मग आठवतं, परत लावते. तुमच्या आईंना वाटतं, मला विसरभोळेपणा झालाय. त्यांच्याशी भांडावं म्हटलं तर त्या माळ घेऊन बसतात."

"अजून?"

"पोरीचा पुढचा दात पडला. आठ दिवस झाले. तिनं तो कागदात बांधून ठेवलाय, बाबाच बसवून देतील म्हणते. कुणाला हात लावू देत नाही. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही."

दात. घरातला पहिला दात पडला होता, आणि गावभरचे दात ज्याच्या हातातून गेले त्याला आठ दिवस पत्ता नव्हता. त्याला विनोद करावासा वाटला. तो त्याच्या जिभेवर आलाही होता. त्याने तो गिळला.

"अजून?" तो म्हणाला.

"अजून पुष्कळ आहे. वेळ आहे का तुम्हाला?"

सुट्टी संपायला चार मिनिटे होती, आणि आत दहा कोरे कागद टेबलावर मांडून ठेवलेले होते.

"आहे," तो म्हणाला.

"मग ऐका," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज चढू लागला.